पंखा थांबेपर्यंत

अहो,

आज सोमवार. तुम्हाला जाऊन आठवडा झाला. उद्या सकाळचं विमान आहे. एकाच विमानात आपण दोघं, मी वर आणि तुम्ही खाली. तुमच्या कामावरच्या पाटील भाऊजींनी तिकीट वाचून दाखवलं तेव्हा विचारावंसं वाटत होतं, की खाली म्हणजे नेमकं कुठं, माझ्या पायाखाली की लांब मागे. विचारलं नाही. त्यांचेच डोळे भरून आले होते.

बॅगा भरून झाल्या. देव कपाटातून काढून साडीत गुंडाळले. फ्रीज रिकामा केला. एक काम राहिलंय, कॉम्प्युटर बंद करायचं. तो बुधवारपासून चालूच आहे. पडदा काळा झाला की मी धावत जाऊन माऊस हलवते. आता तो बंद पडला तरी काही अडत नाही हे मला कळतं. हवा तो कागद निघाला, आपल्या लेकीकडे, प्राजूकडेही गेला. तरी बंद करायचा धीर होत नाही. घरात त्याच्या पंख्याचा तेवढा आवाज आहे. तुमचं घोरणं नाही, सकाळचं खाकरणं नाही, नळाखाली चष्मा धुणं नाही. तो पंखाच काय तो.

म्हणून वाणसामानाची वही घेऊन त्याच्यासमोर बसले आहे, तुमच्या खुर्चीत. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगेन आणि मगच बंद करेन. लगेच सांगता येणार नाही. तुमच्यासमोर मी कुठली गोष्ट पटकन सांगितली आहे?

हा कॉम्प्युटर घरात आणलात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तुम्ही म्हणालात, "ये की जवळ. चावत नाही तो."

"मला काय करायचंय?"

"शिकायचंय."

"चौथी शिकलेल्या बाईला?"

"चौथीत गणितात पैकीच्या पैकी होते ना? सासरी आल्यावर किती दिवस ऐकवत होतीस."

"ते पाढे होते."

"हेही पाढेच. एकापुढं दोन, दोनापुढं तीन."

मग खरंच तुम्ही पांढऱ्या पट्टीचे तुकडे कापून आकडे लिहिले. भिंतीतल्या बटणावर एक, डब्यावर दोन, पडद्यावर तीन. आणि बजावलंत, की काहीही झालं तरी डब्याचं बटण दाबून धरायचं नाही. "तसं बंद करणं म्हणजे गळा दाबणं. त्याला नीट सांगायचं, बंद हो. मग त्याचं त्याला होऊ द्यायचं. पंखा थांबेपर्यंत उठायचं नाही." मी मान डोलवली आणि त्यानंतर त्याला फडक्याशिवाय हात लावला नाही. प्रत्येक शुक्रवारी तुम्ही म्हणायचात, "सुमन, ये, बस," आणि प्रत्येक शुक्रवारी मला काहीतरी निवडायचं असायचं, नाहीतर तुम्ही इथल्या कतीफच्या बाजारातून आणलेली सुरमई साफ करायची असायची.

मग तुम्ही चिडायचात. "मी नसलो तर काय करशील गं?"

"असलं बोलायचं नाही," म्हणून मी उठून जायची. आपलं हे भांडण दर वेळी तिथंच थांबलं. पुढचं वाक्य तुम्ही कधी बोललाच नाहीत, कारण मी समोर नसायचेच. ते ऐकायला थांबले असते तर बुधवारी मी एवढी अडले नसते.

आता खंडेनवमीचं सांगते.

दर वर्षीसारखी तुमची हत्यारं चौरंगावर मांडली होती. टेस्टर, पक्कड, ते लाल-काळ्या तारांचं मीटर. पडदे ओढलेले, आवाज हळू. इथं उघड पूजा चालत नाही, इतक्या वर्षांत आपल्याला हळू आवाजातल्या आरतीचीच सवय झाली होती. हत्यारांना हळदकुंकू लावून झालं आणि मी ताम्हन घेऊन कॉम्प्युटरकडे वळले.

"त्याला कुंकू नको," तुम्ही म्हणालात. "अक्षतासुद्धा नकोत. एक फूल ठेव लांबून."

"वर्षभर कामाला येतो तो."

"म्हणूनच म्हणतोय. आत काही गेलं की बसेल ठप्प."

मी फूल ठेवलं. तुम्ही आंघोळीला गेलात. मला ते फूल एकटं एकटं दिसायला लागलं. पूजा अर्धी वाटली. तुमची सगळी नोकरी, प्राजूची शाळा, आपले इकामे, म्हणजे इथं राहायचे परवाने, घरचे फोटो, सगळं त्याच्या पोटात, आणि त्यालाच तेवढं कोरडं ठेवायचं? अर्धी पूजा राहिली की घरावर काहीतरी येतं, अशी भीती लहानपणापासून माझ्या मनात बसलेली. मी चिमूटभर अक्षता घेतल्या, ओल्या कुंकवाच्या, आणि वाहिल्या. बटणांवर पडल्या. नळ बंद झाल्याचा आवाज आला तशी पदरानं झटकून टाकल्या. सगळ्या गेल्या असं वाटलं.

पाच-सहा दिवसांनी कॉम्प्युटर अडायला लागला.

बटण दाबलं की पडद्यावर कंपनीचं चिन्ह यायचं आणि तिथंच थांबायचं. पुढे नाही, मागे नाही. कधी तिसऱ्या-चौथ्यांदा सुरू व्हायचा, कधी दिवसभर नाही. तुम्ही धाहरानच्या कामावरून कंपनीच्या बसने यायचात, चहा घ्यायचात आणि त्याच्यासमोर बसायचात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांतले बिघाड शोधलेले तुम्ही. डबा उघडलात, ब्रशने धूळ काढलीत, आतली पट्टी काढून प्राजूच्या जुन्या खोडरबराने घासलीत. मी टॉर्च धरून उभी असायचे. तुम्ही माझ्याशी बोलल्यासारखं स्वतःशीच बोलायचात, "बिघाड सापडत नसला की एकेक वस्तू बाजूला करायची. जी काढल्यावर चालू होतं ती गुन्हेगार." प्रिंटरची तार काढलीत. स्पीकर काढलात. कॅमेरा काढलात. कीबोर्ड आणि माऊस तेवढे ठेवायचात. ते लागतातच, म्हणायचात.

टॉर्च माझ्या हातात हलायचा. तुम्ही म्हणायचात, "सरळ धर की." मला वाटायचं, कुंकवाचं पाणी आत जाऊन काहीतरी जळलंय आणि ते आत्ता दिसणार, लाल डाग दिसणार. मग सांगेन, आत्ता सांगेन, असं करत तीन आठवडे गेले. तुम्ही रागावला असता असं नाही. तुमचा राग म्हणजे एक वाक्य आणि अर्धा तास अबोला. त्या एका वाक्यालाच मी भीत होते. "सांगितलं होतं ना." तेवढंच तर म्हणाला असता.

गेल्या सोमवारी सकाळी तुम्हाला कामावर जायच्या आधी त्यातला कसलासा कागद हवा होता. तो सुरू होईना. बसची वेळ झाली होती. तुम्ही कपाळाला हात लावून बसलात, चेहरा कसातरीच दिसत होता. मी जेवणाचा डबा घेऊन दारात उभी. तुम्ही मान वर करून विचारलंत, ओरडून नाही, साधंच विचारलंत, "सुमन, तू काही केलंस का गं याला?"

मी म्हणाले, "मी कशाला? मी तर हातही लावत नाही."

तुम्ही डबा घेतलात आणि जिना उतरलात. तुमच्याशी बोललेलं हे माझं शेवटचं वाक्य. खोटं.

साडेदहाला पाटील भाऊजींचा फोन आला. छातीत दुखलं म्हणून कामावरूनच हॉस्पिटलात नेलं होतं. भाऊजी मला घ्यायला आले. मी काचेच्या दाराबाहेर उभी राहिले. तिथं अरबी आणि इंग्रजीत पाट्या होत्या, मला एकही वाचता आली नाही, आणि मला वाटलं त्यातल्या कुठल्यातरी पाटीवर आत येऊ नये असंच लिहिलं असणार. काचेतून तुमचे पाय दिसत होते. मोज्यांसकट. उजव्या मोज्याला मी घातलेला टाका दिसत होता. केरळची एक सिस्टर दार उघडून बाहेर आली. तिनं विचारलं, "अम्मा, अंदर आना है?"

मी मानेनं नाही म्हटलं.

का म्हटलं ते मला अजून कळत नाही. नळ्या लावलेला तुमचा चेहरा बघायची भीती वाटली. आत जाऊन काय बोलायचं त्याचीही वाटली. सकाळचं ते खोटं वाक्य मध्ये उभं होतं. ती परत आत गेली. थोड्या वेळानं तीच पुन्हा बाहेर आली, आणि या वेळी तिनं काही विचारलं नाही.

बुधवारी दुपारी भाऊजी कंपनीच्या मंदूबला भेटून आले. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करून देणारा माणूस. भाऊजी दार सताड उघडं ठेवून बाहेरच्या खोलीत बसले आणि चपलांकडे बघत म्हणाले, "वहिनी, लग्नाचा कागद लागेल. शिक्के मारलेला. तुम्ही बायको आहात म्हणून तुमच्या सहीनं त्यांना नेता येईल, पण तो कागद पाहिजे. उद्या दुपारपर्यंत दिला तर ठीक, नाहीतर शुक्रवार, शनिवार कचेरी बंद."

"मग?"

"मग रविवारनंतर बघायचं. तोपर्यंत ते तिथंच."

तिथंच म्हणजे थंड खोलीत. तुम्हाला एसीसुद्धा सोसायचा नाही. पायावर चादर लागायची.

मूळ कागद नाशिकला बँकेच्या लॉकरात, आणि तो तुमच्या सहीशिवाय उघडत नाही. प्राजूकडे नाही, तिला कधी लागलाच नव्हता. तुमचा फोन तुमच्या बोटाशिवाय उघडत नाही. भाऊजी अडखळत म्हणाले, "मंदूब म्हणत होता, तिथं नेऊन बोट लावून बघता येईल." मी नको म्हणाले. राहिला हा कॉम्प्युटर, त्यात तुम्ही प्रत ठेवली असणार. भाऊजींनी चार वेळा चालू केला, चारही वेळा तो त्या चिन्हापाशी थांबला. ते म्हणाले, "दुकानातला माणूस आणतो. फॉरमॅट मारून देईल, तासाभराचं काम."

तो शब्द मला माहीत होता. तुम्हीच एकदा सांगितला होतात. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं.

"नको भाऊजी," मी म्हणाले.

"मग कसं करायचं?"

"मी बघते."

भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. मीही दचकले. ते गेल्यावर कडी लावली आणि दाराला टेकून उभी राहिले. मग प्राजूला फोन लावला.

"आई, लिसन. व्हिडिओ चालू कर. पॅनिक नको होऊ."

"कोण होतंय?"

"तू. फोन हलतोय किती. आणि कॅमेरा उलटा कर, मला नुसतं तुझं कपाळ दिसतंय."

सोमवारपासून मी कुंकू लावलेलं नव्हतं. तिनं ते पहिल्यांदा बघितलं. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "हां. स्क्रीन दाखव. अडकलाय ना? आता डब्याचं बटण दाबून धर."

"ते नाही धरायचं. बाबांनी सांगितलंय."

"आई, दुसरा इलाजच नाहीये. धर. दहा मोज."

मी दोन आकड्याच्या बटणावर बोट ठेवलं. एक, दोन, तीन. गळा दाबल्यासारखं, तुमचंच वाक्य कानात. सातव्या अंकाला पडदा काळा झाला आणि पंख्याचा आवाज एकदम तुटला. मी फोन टाकून मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं. मग परत आले. जाणार कुठं?

"आता मागच्या सगळ्या वायर्स काढ," प्राजू म्हणाली. "प्रिंटर, स्पीकर, सगळं. कीबोर्ड आणि माऊस राहू दे."

मी टेबलाखाली शिरले. एकेक तार हातात घेत गेले. तुमच्या हातची धूळ होती तिथं, तुमच्या बोटांचे ठसे धुळीत होते. एकेक काढली. मग कीबोर्डची तार हाताला लागली आणि मी तिथंच थांबले. मला वाटलं, सगळं काढून झालं, गुन्हेगार सापडला नाही. तपासताना ज्याला कोणी हात लावत नाही ते एवढंच उरलंय. आणि त्याला मी हात लावला होता. जगात हे फक्त मला माहीत होतं.

मी ती तारही ओढून काढली. प्राजूला सांगितलं नाही.

एकचं बटण. दोनचं. तीनचं. पंखा घरघरला. चिन्ह आलं. मी डोळे मिटून घेतले आणि दोनाचा पाढा म्हणायला लागले. बे पंचे दहापर्यंत आले असेन, तोच सूर ऐकू आला. तुम्ही बसलात की स्वयंपाकघरात ऐकू यायचा तो. स्पीकर काढलेला होता, तरी डब्यातूनच बारीक आला.

"आई! आला! आई, काय केलंस तू?"

"कीबोर्ड काढला."

"कीबोर्ड? तो का काढलास?"

मी म्हणाले, "चुकून."

दुसरं खोटं. तेही सांगून टाकते.

पडद्यावर एक पिवळी फाईल होती, तिच्यावर मराठीत 'सुमन'. मला वाटलं मला भास होतोय. उघडली. आत सगळं मराठीत. सुमन पासपोर्ट. सुमन इकामा. नाशिक घर. प्राजू जन्म. लग्नाचा कागद. तुम्हाला मराठी टाइप करताना किती वेळ लागायचा! एकदा तुम्ही आतून ओरडून विचारलं होतंत, "लग्नातला ग्न कसा काढायचा गं?" आणि मी हसून म्हटलं होतं, "आता कोणाचं लग्न काढलंय?" तुम्ही हसलात, पण सांगितलं नाहीत. 'मी नसलो तर'च्या पुढचं तुमचं ते वाक्य तुम्ही असं लिहून ठेवलं होतंत. मला वाचता येईल अशा अक्षरांत. पासवर्डसुद्धा ठेवला नव्हतात. "घरात चोर कोण? तू?" म्हणायचात.

प्रिंटरची तार परत लावली. प्राजूनं कुठं दाबायचं ते दाखवलं. कागद बाहेर आला तेव्हा गरम होता. मी तो गालाला लावून बसले. गुरुवारी सकाळी नऊला भाऊजी घेऊन गेले, रविवारी शिक्का मिळाला.

कीबोर्ड बुधवारीच उलटा करून आपटला होता. चिवड्याचे कण पडले, तीळ, तुमचे दोन पांढरे केस. वरच्या रांगेतलं कोपऱ्यातलं एक बटण, जे तुम्हीही कधी वापरत नव्हतात, जरासं खाली बसलेलं दिसलं. केसांची पिन घातली. एक तांदूळ निघाला. वाळून दगड झालेला, आणि अजून लाल.

नंतर मी प्राजूला आडून विचारलं, एखादं बटण दाबलेलं राहिलं तर काय होतं. ती म्हणाली, "काही कॉम्प्युटर चालू होताना तिथंच थांबतात, आई. त्यांना वाटतं कोणीतरी बोट ठेवलंय. ते उचलायची वाट बघत बसतात."

तर ते बोट माझं होतं. तीन आठवडे. तुम्ही पट्ट्या घासत होतात, तारा बदलत होतात, आणि मी शेजारी टॉर्च धरून उभी होते. एक वाक्य बोलले असते तर तुम्ही दोन मिनिटांत तो दाणा काढला असतात. त्या सोमवारी तुम्ही वैतागून जिना उतरला नसतात. मग छातीत दुखलं नसतं का? डॉक्टर भाऊजींना म्हणाले, ते आधीपासूनचंच होतं, कधीही झालं असतं. मी ते ऐकलं. माझा अर्धा विश्वास बसतो. दुसऱ्या अर्ध्याला घेऊन मी उद्या विमानात बसणार आहे, आणि तुम्ही खाली असणार. उत्तर द्यायला कोणी नाही.

दाणा कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवलाय. त्याचं काय करायचं मला माहीत नाही. तिकडे अंगणात सगळे जमतील, प्राजू गळ्यात पडेल. तेव्हा सांगेन की नाही तेही माहीत नाही. तुम्हाला सांगितलं. अक्षता मीच वाहिल्या हो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. आणि सिस्टरनं विचारलं तेव्हा मला आत यायचं होतं.

बाहेर अस्रची, तिसऱ्या प्रहराची अजान संपली. भाऊजी पाचला येतील, किल्ली घरमालकाला द्यायची आहे.

आता माऊस हातात घेतला आहे. खाली कोपऱ्यात जायचं, ते गोल चिन्ह, मग बंद करा. बटण दाबून धरायचं नाही, नीट सांगायचं. सांगितलं. पडदा काळा झाला. पंखा अजून फिरतोय, हळू झालाय. मी कुठं जात नाही. तो थांबेपर्यंत इथंच बसते.